कापडी शिडाची सावली : घर, अंगण व गोठा यांसाठी अल्पखर्ची उपाय

मार्चअखेरीपासून मृगाच्या सरी येईपर्यंतचे अडीच महिने कोकणपट्टीस जड जातात. देशावर व विदर्भात पारा अधिक चढतो हे खरे; परंतु किनाऱ्यालगत हवेत दमटपणा असल्याने अंगावरील घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. याच कारणाने भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करतो. मात्र ते तापमान त्या दिवसांच्या सरासरीहून निदान साडेचार अंशांनी अधिक असावे लागते.

ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या सीमेवरील सीबीडी बेलापूर हे या हवामानाचे चांगले उदाहरण आहे. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस पनवेलची खाडी, आणि मध्ये काँक्रीटच्या इमारती व डांबरी रस्ते. कोकण विभागाचे आयुक्तालय येथील कोकण भवनात असल्याने गावोगावचे शेतकरी व कार्यकर्ते भर उन्हाळ्यातही येथे कामासाठी येत असतात. बेलापूरलगतच्या खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या जाहीर समारंभास आलेला प्रचंड जनसमुदाय उघड्या मैदानावर भर उन्हात बसला होता. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे चाळिशीच्या आतच होते. तरीही १४ जणांचा मृत्यू झाला. नुसत्या पाऱ्यावरून उन्हाची पारख करणे किती धोक्याचे आहे, हे त्या दिवशी दिसून आले. तापमापक सावलीत ठेवून मोजलेले ते आकडे असतात. उन्हात बसलेल्या माणसास त्याखेरीज सूर्याचा सरळ ताप सोसावा लागतो.

हा ताप थोडाथोडका नसतो. स्वच्छ आकाश असता माध्यान्हीच्या सुमारास जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी सौर उष्णता पडते. म्हणजे लहान घराच्या अंगणात हजार वॅटच्या दहा-वीस शेगड्या मांडून ठेवल्यासारखेच होय. हवा थंड करणे खर्चाचे काम आहे. ही उष्णता अंगावर, भिंतीवर वा जमिनीवर पडूच न देणे हे त्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. दमट हवेत वाळ्याचे ओले पडदे किंवा पाण्याचा फवारा यांचा गुण विदर्भात येतो तितका येत नाही. कोकणात सावली आणि खेळता वारा ह्या दोनच गोष्टींवर भिस्त ठेवावी लागते. दोन्ही एकाच वेळी साधणारे साधन म्हणजे ताणून बांधलेले कापड.

ही कल्पना नवी नाही. प्राचीन रोममध्ये मोठ्या प्रेक्षागृहांवर कापडाचे छत ओढीत, आणि ते काम आरमारातील खलाशांकडे सोपविलेले असे. स्पेनमधील सेव्हिल शहरात आजही उन्हाळ्यात गल्ल्यांवर एका घरापासून समोरच्या घरापर्यंत कापड ताणतात. आपल्याकडे तर भातकापणीनंतर खळे सारवून त्यावर नारळीच्या झापांचा मांडव घालण्याची रीत कोकणात घरोघर होती व पुष्कळ ठिकाणी अद्याप आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या वाडीत झावळ्या विपुल आहेत त्याने कापडाच्या नादी लागू नये. झापांचा जाड थर स्वतः फारसा तापत नाही आणि त्याच्या फटींतून हवाही खेळते; कोणतेही एकेरी कापड त्याची बरोबरी करीत नाही. परंतु बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे यांसारख्या आता शहराने वेढलेल्या गावांत झाप आणावे कोठून, विणावे कोणी, आणि दाटीच्या वस्तीत आगीचे भय कसे टाळावे, हे प्रश्न उभे राहतात. तेथे कापडी शीड उपयोगी पडते. शीड हा शब्द मुद्दामच वापरला आहे. ज्या मच्छीमार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शीड वाऱ्याशी बेताने वागवले, त्यांना या कामातील अर्धे शिक्षण घरचेच आहे.

कापडाची निवड

बाजारात तीन प्रकारची कापडे सहज मिळतात. पहिले, घरातील जुन्या सुती साड्या व धोतरे. ती जोडून शिवलेला चांदवा एखादा उन्हाळा निभावून नेतो. त्यास जवळजवळ काहीच खर्च नाही. उन्हाने व दमट हवेने सूत लवकर कुजते, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यावर विसंबू नये. दुसरे, प्लास्टिकची ताडपत्री. ती सर्वत्र दिसते, पण सावलीसाठी सर्वांत वाईट. तिच्यातून हवा आरपार जात नाही, त्यामुळे खाली तापलेली हवा कोंडते. वारा तिला पंख्यासारखी उचलतो. आणि अवकाळी पावसाचे पाणी तिच्या पोटात साचते. दहा चौरस मीटर ताडपत्रीवर सरासरी अवघे एक सेंटिमीटर पाणी साचले तरी तिच्यावर १०० किलोंचा भार येतो.

तिसरे कापड शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे : रोपवाटिकेवर घालतात ती शेडनेटची जाळी. ही पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते व ३५, ५०, ७५, ९० अशा टक्क्यांनी ओळखली जाते. ७५ टक्क्यांची जाळी म्हणजे जीमधून सुमारे चौथा हिस्सा ऊन खाली येते ती. माणसे व जनावरे यांच्यासाठी ७५ ते ९० टक्क्यांची, भाजीच्या रोपांसाठी ५० टक्क्यांची, आणि गच्चीवरील कुंड्यांतील मिरची-वांग्यांसाठी ३५ टक्क्यांची जाळी पुरेशी होते. दाट जाळीखाली झाडे उंच व किडकिडीत वाढतात, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळदा असा समज आढळतो की ५० टक्क्यांच्या जाळीचे दोन थर घातले म्हणजे पूर्ण सावली होते. तसे होत नाही. पहिल्या थरातून निम्मे ऊन येते, त्याचे निम्मे दुसऱ्यातून येते. सावली ७५ टक्केच होते. मात्र दोन थरांत वीतभर अंतर ठेवल्यास वरचा थर तापतो व त्याचा ताप मधली हवा वाहून नेते, म्हणून एका दाट थरापेक्षा असे दोन विरळ थर अधिक सुखावह ठरतात.

जाळी विकत घेताना ती सूर्याच्या अतिनील किरणांस टिकेल अशी प्रक्रिया केलेली आहे किंवा कसे, हे विक्रेत्यास विचारून पावतीवर लिहून घ्यावे. तशी प्रक्रिया नसलेली जाळी एक-दोन उन्हाळ्यांतच ठिसूळ होऊन तिचे तुकडे अंगणभर पसरतात. विणीव जाळीपेक्षा गुंफण असलेली जाळी घेणे बरे. ती कापली तरी कडेने उसवत जात नाही. रंगाविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. पांढरी जाळी ऊन परतवते, पण खाली चकाकी पडते. काळी स्वतः तापते, पण डोळ्यांस शांत वाटते आणि पुरेशी उंच बांधल्यास तिचा ताप वाऱ्याबरोबर निघून जातो. हिरवी सर्वत्र मिळते.

सूर्याची चाल

सावली कापडाच्या बरोबर खाली पडते, ही समजूत फक्त माध्यान्हीपुरती खरी आहे. बेलापूर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास सूर्य तेथे दुपारी साडेबारानंतर पाच-एक मिनिटांनी थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेथून तो पश्चिमेस कलतो. पावणेचारच्या सुमारास तो अर्ध्यावर, म्हणजे सुमारे ४५ अंशांवर असतो. त्या वेळी नऊ फूट उंचीवरील कापडाची सावली नऊ फूट पूर्वेस सरकलेली असते. उन्हाचा तडाखा दुपारी एक ते चारमध्ये सर्वांत अधिक जाणवतो. तेव्हा ज्या ओट्यावर किंवा बाजेवर सावली हवी, त्याच्या नेमके वर शीड न बांधता ते चार-पाच फूट पश्चिमेकडे सरकवून बांधावे, आणि पश्चिमेची बाजू खाली उतरती ठेवावी. शंका असल्यास दोन बांबूंस एक चादर बांधून एक दुपार पाहावी. खड्डे खणल्यावर चूक कळण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

घराच्या भिंतींपैकी पश्चिमेची भिंत व तिच्यातील खिडक्या सर्वांत अधिक त्रास देतात. खिडकीस आतून पडदा लावल्याने डोळ्यांवरचा उजेड कमी होतो, पण काचेतून आत आलेली उष्णता घरातच राहते. तेच कापड खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून फूटभर दूर लोंबते सोडले तर ताप बाहेरच अडतो. ज्यांना अंगणात शीड उभारणे शक्य नाही अशा चाळीतील व इमारतीतील कुटुंबांनी निदान एवढे अवश्य करावे.

गच्चीच्या काँक्रीटची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते दिवसभर ताप साठवते व रात्री घरात सोडते. म्हणून वरच्या मजल्यावरील माणसांना मध्यरात्रीपर्यंत झोप लागत नाही. गच्चीवर दोन-तीन फूट उंच जाळी ताणल्यास हा साठा कमी होतो. परंतु त्रास केवळ गच्चीचाच असेल, तर आधी चुन्याचा पांढरा हात देऊन पाहावा. तो जाळीपेक्षाही स्वस्त असतो आणि वाऱ्याने उडून जात नाही.

एक शीड, मापासह

दहा फूट रुंद व बारा फूट लांब हे माप घरगुती उपयोगास सोयीचे आहे. याहून मोठे शीड एकट्या कुटुंबास आवरत नाही. कापड चौकोनी कापून चारी कोपरे बांधले तर कडा सैल पडून वाऱ्यात फडफडतात आणि शिवण उसवते. यास्तव प्रत्येक कड आत वळणारी, धनुष्यासारखी कापावी. दर फुटामागे एक इंच हा हिशेब ठेवावा : बारा फुटांच्या बाजूस मध्यभागी एक फूट, दहा फुटांच्या बाजूस दहा इंच. कोपरे ओढताच ही वक्र कड ताठ होते व सर्व कापडात सारखा ताण बसतो. असे कापल्यावर १२० चौरस फुटांपैकी सुमारे ९३ चौरस फूट कापड उरते. कडेचे तुकडे वाया घालवू नयेत. त्यांतूनच कोपऱ्यांचे अस्तर निघते.

कड दोन इंच दुमडून तिच्यात जाड विणीव पट्टा घालून शिवावे. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती धागा कापडाच्या आधी कुजतो. प्रत्येक कोपऱ्यास कापडाचे दोन-तीन थर त्रिकोणात लावून त्यात लोखंडी कडी पट्ट्यासह शिवून टाकावी. कापडास नुसते भोक पाडून आयलेट ठोकणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक होय. पहिल्याच वादळात ते आयलेट कापडासह निघून येते. हे शिवणकाम गावातील शिंपी किंवा महिला बचत गट सहज करू शकेल.

शीड बांधताना समोरासमोरचे दोन कोपरे उंच व उरलेले दोन कमी उंच ठेवावेत. उदाहरणार्थ, दोन दहा-साडेदहा फुटांवर व दोन साडेसात फुटांवर. कमी उंचीचा एक कोपरा वायव्येस यावा, कारण मेमधील तिसऱ्या प्रहराचे ऊन पश्चिमेहून किंचित उत्तरेकडून येते. अशा पिळलेल्या आकाराचे फायदे तीन : कापड ताठ राहते, गरम हवा उंच कोपऱ्यांकडून निसटते, आणि पाण्याचा थेंब थांबत नाही. खांबांतील अंतर शिडाच्या मापापेक्षा दोन्हीकडे फूटभर अधिक ठेवावे, म्हणजे दोरी ओढावयास जागा राहते. जाळी पहिल्या आठवड्यात ताणली जाते, तेव्हा पुन्हा एकदा ओढून घ्यावी.

वारा

ऊन अडविणे सोपे, वारा झेलणे कठीण. ताशी ७२ किलोमीटरचा वारा त्यास आडव्या आलेल्या पृष्ठावर दर चौरस मीटरला सुमारे २४ किलोंचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबई परिसरासाठी बांधकामाच्या आखणीचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाने वर सांगितलेल्या शिडावर जवळजवळ एक टनाची ओढ येऊ शकते. जाळीच्या भोकांतून काही वारा निघून जातो खरा; पण खांबांचा हिशेब करताना ती सवलत धरू नये.

ही भीती पुस्तकी नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबई परिसरात ऐन उन्हाळ्यात धुळीचे वादळ उठले, आणि घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर मोठा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्याआधी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते, व १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेले. सावलीची सर्वाधिक गरज आणि वळवाच्या वाऱ्याचे भय हे दोन्ही मे महिन्यातच एकत्र येतात, हे शीड बांधणाऱ्याने विसरता कामा नये.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही हवेत. पहिला उपाय खांबांचा. जमिनीवर दहा फूट उंच राहणाऱ्या खांबास तीन-सव्वातीन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरावे व खांब बाहेरच्या बाजूस वीतभर झुकता ठेवावा. बेलापुरास खाडीचा खारा वारा लागतो. साधे लोखंड तेथे लवकर गंजते, तेव्हा जस्ताचा मुलामा असलेला तीन इंची पाइप घ्यावा. घरास कडी बसवायची तर ती काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत बसवावी. गच्चीच्या कठड्यास शीड कदापि बांधू नये. तो कठडा पुष्कळदा अर्ध्या विटेचा असतो. आडवी ओढ सोसण्यासाठी तो बांधलेला नसतो, आणि तो पडतो तो खाली रस्त्यावर. विजेच्या तारांखाली किंवा त्यांच्या जवळपास खांब उभारू नये. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी.

दुसरा उपाय गाठींचा. दोन कोपरे निरगाठीने बांधावेत व दोन सुरगाठीने. आकाश काळवंडले, वाऱ्याची पहिली झुळूक आली, की सुरगाठींचे टोक ओढून शीड मोकळे करावे व गुंडाळून उरलेल्या दोन खांबांमध्ये बांधून ठेवावे. हे काम दोन मिनिटांत, शिडीवाचून झाले पाहिजे. म्हणून सुरगाठी कमी उंचीच्या कोपऱ्यांवर असाव्यात. घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ती गाठ सोडता आली पाहिजे. वादळात शीड टिकावे म्हणून धडपडणाऱ्यापेक्षा ते वेळीच उतरविणारा शहाणा, हे दिवाळ्याच्या कोणाही वृद्ध मच्छीमारास सांगावे लागणार नाही.

अंगण, गोठा व गावाची जागा

बेलापुरात सेक्टर ८ मध्ये वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८०च्या दशकात आखलेली कलाकारांची वसाहत आहे. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. तिच्या मूळ आराखड्यात सात सात घरे सुमारे आठ मीटर लांब-रुंद अशा सामाईक अंगणाभोवती मांडली आहेत, आणि आकाशाखालच्या मोकळ्या जागेस घराच्या खोलीइतकेच मोल दिले आहे. पुढे अनेक रहिवाशांनी घरे वाढविली किंवा नव्याने बांधली. अशा सव्वीस फुटी अंगणात शीड बांधावयाचे झाल्यास सर्व अंगण झाकू नये. पश्चिमेच्या कडेस १० बाय १२ ची दोन शिडे एकावर एक थोडी चढती ठेवून बांधल्यास बसण्याउठण्याच्या जागेस दुपारची सावली मिळते व मधला भाग मोकळा राहून गरम हवा वर जाते. सायंकाळी शिडे गुंडाळावीत. रात्री मोकळ्या आकाशाकडे जमीन आपला ताप सोडते. वर कापड राहिल्यास तो ताप अडतो आणि अंगण निवत नाही. पाड्यावरील कोणत्याही घरास हाच नियम लागू आहे.

गोठ्याबाबत म्हशीचा विचार आधी करावा. तिची कातडी काळी, अंगावर केस विरळ व घामाच्या ग्रंथी थोड्या. उन्हात तिला गाईपेक्षा अधिक त्रास होतो व दूध घटते. एका म्हशीस सुमारे चार चौरस मीटर सावली लागते, म्हणजे एक शीड दोन म्हशींस पुरते. येथे सर्वांत कमी उंचीचा कोपराही नऊ फुटांच्या खाली नसावा, नाहीतर शिंगांनी व अंग घासण्याने जाळी फाटते. लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवल्यास दिवसभरात सावली सरकत जाते व खालची जमीन आळीपाळीने उन्हात सुकते. चुलीपासून, भाताच्या पेंढ्यापासून व दिव्यांच्या तारांपासून जाळी दूर ठेवावी. पॉलिथिलीन पेट घेते व वितळून गळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर सल्ला देण्याआधी गावातील रांगांच्या जागा पाहाव्यात : पाणपोई, रास्त भावाचे दुकान, अंगणवाडीचे अंगण, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांची ओळ. या ठिकाणी माणूस आपल्या मर्जीने उठून सावलीत जाऊ शकत नाही. ग्रामसभा किंवा कोणताही मेळावा एप्रिल-मेमध्ये घ्यावयाचा असल्यास तो सकाळी दहाच्या आत उरकावा. तसे शक्य नसेल तर व्यासपीठावर मांडव घालण्यापूर्वी श्रोत्यांवर घालावा.

शीड मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्यापूर्वी उतरवावे. साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता बांबूवर गुंडाळून उंदरांपासून दूर टांगून ठेवावे. कड्या व पेच यांना तेलाचा हात द्यावा. खांब तसेच राहू दिल्यास त्यांच्या तोंडास टोपण बसवावे, नाहीतर पावसाचे पाणी आत उतरून ते आतून गंजतात. पुढील फेब्रुवारीत कापड उन्हासमोर धरून पाहावे. कोपऱ्यांजवळचा धागा नखाने ओढता तुटू लागला, तर नवी शिवण घालूनच ते पुन्हा चढवावे.